सिपोराच्या घरचा मालिदा

अकराला येते म्हणालेली आई दहालाच टपकली तर, या धास्तीनं सिपोरा नवगावकर सकाळपासून चारदा दारापर्यंत जाऊन आली. मॉरिसव्हिलच्या या दोन खोल्यांत ती एकटी राहायला लागली त्याला दोन वर्षं झाली, आणि आई पहिल्यांदाच येत होती. तीही चोरून. बापाला सांगितलं होतं, जवळच्याच डरहमला रेखाकडे, म्हणजे आपल्या बहिणीकडे जाते.

सिपोराला घोर एकच. आई या घरात तोंडात काही घालेल का?

नवगावकर मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे यहुदी. सहा वर्षांच्या सिपोराला घेऊन बाप ठाण्याहून न्यूयॉर्कला आला आणि कडक सोवळ्याच्या यहुदी वस्तीत शिरला. दुधाची भांडी वेगळी, मटणाची वेगळी, लग्न झालेल्या बाईचे केस भादरलेले, वर केसांचा टोप. वस्तीनं यांना जवळ केलं, पण हात राखून. आईनं एकदा हौसेनं मालिदा केला, एलियाहू नबीच्या नावानं गोड पोहे, कोकणातल्यासारखे. शेजारणींनी नाकं मुरडली. हे तुमचं, की हिंदूंचं? तेव्हापासून पंचवीस वर्षं आईनं पोह्यांना हात लावला नव्हता.

सिपोराचं लग्न एकोणिसाव्या वर्षी लागलं. नर्सिंग शिकते म्हणाली, तर नवऱ्यानं रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना विचारलं, रब्बी नको म्हणाले, विषय मिटला. बारा वर्षं कळ काढली. मग एका मंगळवारी टोप उशीवर काढून ठेवला आणि थेट डरहमला रेखामावशीचं दार वाजवलं. आता दिवसा दाताच्या डॉक्टरकडे नोकरी, संध्याकाळी कॉलेज. गाडीही शिकली. पण शुक्रवारची दिवेलागण झाली, यंत्राला हात न लावायचा शब्बाथ सुरू झाला की पायांत मुंग्या येतात. फोन बंद करावासा वाटतो, मग हट्टानं चालू ठेवते आणि त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

सकाळी उठून तिनं शेगडी, ओटा, सगळं चांदीच्या कागदानं मढवलं. जुन्या दुधामटणाचं काही लागायला नको. मग एकदम पित्त खवळलं. याच्यासाठी घर सोडलं का मी? कागद टराटरा ओरबाडला. पाच मिनिटांनी त्याचाच बोळा उलगडून सारखा करत बसली.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या वीणाकाकू डोकावल्या.

"अगं, न शिजवलेलं चालतं ना त्यांना? मग गॅस पेटवूच नकोस, यार!"

तिथून मालिदा आठवला. काकूंनी पोहे, नारळ दिला, वर खवणी दिली. "आमच्याकडे सात पिढ्यांत मटण शिजलेलं नाही, सांग आईला." परात सिपोरानं कोरी विकत आणली.

अकराला मावशी आईला दारात सोडून गेली. एकला परत येणार होती. आईनं आधी लेकीचं डोकं बघितलं.

"केस दाट आलेत," म्हणाली, आणि सोफ्याच्या कडेवर टेकली, जशी गाडी सुटणार आहे. पिशवीतून कागदी ताटली काढली, गुंडाळलेलं सँडविच काढलं. "मी माझं आणलंय हो. तू त्रास घेऊ नकोस."

सिपोरानं आत जाऊन पोहे भिजवले आणि खवणीवर बसली. नारळ तिनं जन्मात खवला नव्हता. सोफा करकरला. आई दारात उभी.

"हे काय करतेस?"

"मालिदा."

आई जवळ येऊन खवणीवर वाकली.

"अगं करवंटीचं काळं उतरतंय खाली! माझ्या डोळ्यांदेखत नारळाचा मुडदा पाडू नकोस. ऊठ. खवणी कुणाची?"

"वीणाकाकूंची. शाकाहारी आहेत."

"धुतलीस?"

"तीनदा."

आईनं बाह्या सारल्या. मग खरवड खरवड नुसती. पोह्यांत खोबरं, साखर, वेलची, मनुका. बोटं आपोआप कालवत होती, ओठ एलियाहूचं गाणं पुटपुटत होते. बाहेर मावशीचा हॉर्न वाजला. एक वाजून गेला होता. आणि त्याच सवयीत आईनं चिमूटभर उचलून जिभेवर टाकलं.

जबडा थांबला. आईनं परातीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. आता थुंकेल. बेसिन दोन पावलांवर होतं.

आईनं गिळलं.

हॉर्न पुन्हा वाजला. सिपोरा दाराकडे वळली.

"वाजू दे तिला," आई म्हणाली. "अजून साखर आण. फिका लागतोय."