काळ्या रंगाखालची सायकल

माझे यजमान तापाने गेले, त्याला चार वर्षं झाली होती. त्यांची सायकल धाकट्या दिराने बळकावली. शर्यतीचं खाली वाकलेलं हॅन्डल काढून सरळ बसवलं, फ्रेमला काळा रंग फासला, दोन वर्षं दामटली आणि मोडल्यावर गोठ्यात टाकून दिली. त्याला तोंडावर भाऊजी म्हणावं लागे; मनात मी अरेतुरेच करत असे.

मला गोंदियाच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. फुलचूरहून रोज पायी जाऊन टाचा फुटल्या, तेव्हा मी म्हटलं, "भाऊजी, यांची सायकल मला द्या. दुरुस्त करून घेईन."

"कोनती? ते माही होय," तो म्हणाला. "नागपूरवरून कोरी आनली होती मी. दादाची तं कवाच इकून टाकली."

सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी मानही वर केली नाही. त्या गप्प बसण्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढच्या रविवारी दीर सासुरवाडीला गेला. मी यजमानांच्या पेटीतून एक चिठ्ठी काढली, सायकल गोठ्याबाहेर ओढली आणि ढकलत बाजारात नेली. सायकलचा मिस्त्री म्हातारा होता, कुणाशी धड बोलत नसे.

"पहले इसकी उमर देखनी पड़ेगी, बाई," तो म्हणाला. "जुन्या सायकलचे आटे वेगळे राहते. नवं सामान जबरीनं कसलं तं फ्रेमच खराब."

त्याने सायकल उलटी केली. मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्यावरचा, म्हणजे हबवरचा, चिकटा रॉकेलने पुसला. खाली दोन बारीक आकडे कोरलेले होते. "हे कारखान्याचं साल," तो म्हणाला. ते माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षाचं निघालं. तेव्हा माझा दीर शाळेत पाढे म्हणत होता. कोरी आणली म्हणे! मग मिस्त्रीने फ्रेमच्या सांध्यावर पॉलिश-पेपर घासला. काळ्याखालून हिरवा रंग आला, त्यावर सोनेरी रेघ. पायडलच्या दांड्याखाली गंजातून नंबर निघाला. ज्या रेल्वेच्या साहेबाने यजमानांना सायकल विकली, त्याने तोच नंबर चिठ्ठीत लिहून दिला होता. मिस्त्री एकेक आकडा वाचत गेला, मी कागदावर बोट फिरवत गेले. सगळे जुळले. आनंद व्हायला हवा होता, पण संतापच आला. चिठ्ठी कमरेला खोचली आणि सायकल दुरुस्तीला दुकानातच ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुकानात गेले, तर गोठा रिकामा पाहून दीर आधीच येऊन उभा होता.

"काऊन वो वयनी, चोऱ्या कराले लागली का?" भर बाजारात तो ओरडला.

मी चिठ्ठी पुढे केली. मिस्त्री म्हणाला, "नंबर एकच आहे, भाऊ. मी पाहिला."

"कागद कोनीबी लिहिते!" त्याने हॅन्डल धरलं. मी मागून सीट धरली.

"सोडा, भाऊजी. नाहीतर कागद आणि मिस्त्री दोघांना घेऊन इथूनच ठाण्यात जाते."

माणसं जमली होती. त्याने हॅन्डल सोडलं आणि माझ्या पायाशी थुंकला. "बाईमानूस सायकलवर बसते! लाज नाई वाटून राहिली?"

"भावाची वस्तू चोरताना तुम्हाला वाटली होती?" मी विचारलं. तो निघून गेला. त्याच दिवशी मी पडवीत माझी वेगळी चूल मांडली.

जुन्या आट्यांचं सामान शोधायला मिस्त्रीला तीन आठवडे लागले. वाकडं हॅन्डल काही मिळालं नाही. हिरवा रंग मात्र मी हट्टाने परत लावून घेतला, दिराला रोज दिसावा म्हणून.

शिकताना मी पुष्कळदा पडले. कोपर सोलून निघालं. ओसरीत बसून तो मोठ्याने हसे. एका सकाळी माझ्या वाटेवर बाभळीचे काटे पसरलेले दिसले. कुणी पसरले ते विचारायची गरज नव्हती. मी सायकल उचलून काट्यांपलीकडे नेली, लुगड्याचा काचा आवळला आणि शाळेची वाट धरली. मागे वळले असते तर तोंडून शिवीच गेली असती.