जीप दिसणारी खुर्ची

सामंत साहेबांनी फोन केला नाही, नुसता फोटो पाठवला. मी डिझाइन केलेल्या मोखाड्याच्या सेंटरचा. आत अठरा टेबलं, अठरा फिरत्या खुर्च्या, सगळ्या रिकाम्या. बाहेरच्या पायऱ्यांवर अकरा माणसं, मांडीवर लॅपटॉप घेऊन. खाली एक ओळ: "मॅडम, पायऱ्या छान झाल्यात."

मी नाशिकची. वीस वर्षं ऑफिसांचं इंटिरिअर करते, अलीकडे जास्त करून कोवर्किंगचं. कोवर्किंग म्हणजे एकाच हॉलमध्ये वेगवेगळ्या कामांची माणसं टेबल घेऊन बसतात. वीज, इंटरनेट, चहा सामायिक. मोखाड्यातलं सेंटर सामंतांच्या कंपनीने तीन महिन्यांच्या बोलीवर उघडलं होतं. येणाऱ्यांत बहुतेक मुली-बायका, चॅट सपोर्ट करणाऱ्या. ऑनलाइन खरेदी करणारं गिऱ्हाईक विचारतं, माझं पार्सल कुठे पोचलं? या टाइप करून उत्तर देतात. अट एकच, रोज सहा तास अखंड लॉग-इन. पायरीवर वायफाय धड पोचत नव्हतं, लॉग-इन तुटायचं, तास भरायचे नाहीत. दोन महिने असेच गेले होते. तिसराही तसाच गेला तर सेंटरला कुलूप.

मी फोन लावला.

"खुर्च्यांची सवय नसेल त्यांना," साहेब म्हणाले. "खाली बसणारी माणसं."

मला ते पटलं, याची आज लाज वाटते. मी टेम्पोत गाद्या आणि बैठी टेबलं भरली आणि मोखाड्याला पोचले. स्थानिक संस्कृतीला धरून डिझाइन, असं एक वाक्यही वाटेत तयार ठेवलं होतं.

सुरेखा वारघडे त्या सगळ्यांत अनुभवी. तिने गाद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मॅडम, खालीच बसायचा तर घरी जमीन हायेच की."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण उशिरा.

"मग खुर्चीत काय खराबी आहे?"

"काय नाय. बेस हाये खुर्ची. कंबर दुखत नाय."

"मग आत का बसत नाही?"

"बसतो ना. सकाळी बसतो."

ते खरं होतं. दहाच्या जीपने त्या आल्या, गुपचूप आपापल्या टेबलाशी बसल्या. माझ्या खुर्च्या भरलेल्या पाहून मला बरं वाटलं. दुपारी तीनपासून मात्र एकेक उठायला लागली. लॅपटॉप उचलायचा, दार ढकलायचं, पायरी गाठायची. साडेतीनला हॉल रिकामा. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते मला कळेना.

मी सुरेखाला पायरीवरून उठवून मीटिंग रूममध्ये बसवलं आणि प्रश्नांचा कागद काढला. आमच्या धंद्यात याला युजर फीडबॅक म्हणतात, म्हणजे वापरणाऱ्याला विचारणं. ते डिझाइनच्या आधी करायचं असतं. मी नंतर करत होते.

हॉलचा रंग आवडला का? आवडला. उजेड पुरतो? पुरतो. ती उत्तरं देत होती, पण डोळे सारखे उघड्या दारातून समोरच्या काचेकडे. हॉलची रस्त्याकडची भिंत पूर्ण काचेची आहे, पश्चिमेला तोंड करून. पलीकडे जीप स्टँड. त्या काचेला मी पांढरी फ्रॉस्टेड फिल्म लावली होती. आरपार दिसत नाही, पण उजेड येतो, ऊन टोचत नाही, रस्त्यावरच्या गर्दीने काम करणाऱ्याचं लक्ष विचलित होत नाही. या फिल्मचा मला फार अभिमान होता.

नवव्या प्रश्नाला ती उठली, हॉलच्या दाराबाहेर डोकावली आणि परत आली.

"गेली," ती म्हणाली.

"कोण?"

"जीप. आमच्या पाड्याकडची शेवटची."

ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी गाडीची किल्ली घेतली आणि तिला सोडायला निघाले.

घाटाच्या वळणांवर ती बोलायला लागली.

"जीपला टायम नसतो, मॅडम. भरली का निघते. कधी साडेतीनला, कधी पाचला. आत बसलो तर कळत नाय. पायरीवरून दिसते."

"ड्रायव्हर फोन करत नाही?"

"तो कोणाकोणाला करील? शिटा भरील का फोन करील?"

"पण असं वायफाय सोडून बाहेर बसलात तर सेंटर बंद होईल."

"म्हाईत हाये. नवरा बोलतो, ह्यो काम टिकला नाय तर दिवाळीनंतर भिवंडीला गोडाऊनला जावू. पोरगी चौथीत हाये. तिकडं गेलो का तिची शाळा सुटली."

डांबर संपलं तिथे ती उतरली. पुढे पायवाट होती. मागे वळून म्हणाली, "तुम्ही आलाव, बरा झाला. नायतर आज चालतच जावा लागला असता."

परतताना मला स्वतःचा संताप आला. शहरातल्या लोकांना दिवसभर त्यांचं पार्सल कुठे पोचलं ते सांगणाऱ्या बाईला समोर उभी असलेली आपली जीप दिसत नव्हती. आणि ती काच पांढरी मी केली होती, लक्ष विचलित होऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन केला.

"फिल्म काढते आहे. टेबलं फिरवून सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे करते."

"अहो, ते ऑफिस वाटणार नाही. एसटी स्टँड वाटेल."

"वाटू दे. स्टँडवर माणसं थांबतात तरी. आत्ता तुमच्याकडे थांबत नाहीत."

साहेब म्हणाले, "एक महिना. त्यानंतर मी वर काही सांगू शकणार नाही."

फिल्म सुटता सुटेना. दोन माणसं दिवसभर ओल्या फडक्यांनी आणि पात्यांनी खरवडत होती. माझं शहाणपण फारच चिकट निघालं. काच मोकळी झाली, टेबलं फिरली आणि तीन वाजता ऊन थेट स्क्रीनवर आलं. आता कोणाला काहीच दिसेना. तेव्हा जव्हारच्या बाजाराजवळ बसणाऱ्या एका कारागिराकडून बांबूचे चिक, म्हणजे पट्ट्यांचे पडदे, करून आणले आणि काचेच्या फक्त वरच्या अर्ध्या भागाला टांगले. बसल्या जागेवरून माणसाची नजर जिथवर जाते, त्या रेषेला आम्ही साइटलाइन म्हणतो. ती एकदाची थेट जीपपर्यंत गेली.

माणसं आत थांबायला लागली. तरी जीप साडेतीनला भरली की धावपळ व्हायची, अर्धा तास बुडायचा. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. तो निघाला भोये मामांकडे. मामा सुरेखाच्या पाड्याकडची जीप चालवतात. एका दुपारी ते काचेपाशी आले, आत बघून बोटांनी मोजलं आणि जीपकडे परत गेले. मी मागोमाग गेले.

"काय मोजलंत, मामा?"

"शिटा. आदी म्हाईत नसायचा, कोण हाये, कोण गेला. आता दिसत्यात ना बसलेल्या. पाच शिटा पक्क्या. पाच मी भरीतच नाय. चारला निघू."

आतल्यांना बाहेरचं दिसावं, एवढाच मी विचार केला होता. काच दोन्हीकडून दिसते, हे मामांनी मला शिकवलं. आठवडाभरात बाकीचे जीपवालेही काचेपाशी येऊन मोजायला लागले.

तिसऱ्या महिन्यात तास भरले. सेंटर सुरू राहिलं. सुरेखा आता नव्या मुलींना शिकवते. तिची पोरगी पाचवीत गेली. हे ऐकून मला जो आनंद झाला, तो आजवर कुठल्याही बक्षिसाने झाला नाही. तशी बक्षिसं मला फारशी मिळालेली नाहीत, हेही खरं.

गाद्यांवर दुपारचे डबे खातात. अगदीच वाया गेल्या नाहीत.

तेव्हापासून नवं काम आलं की मोजायची टेप काढायच्या आधी मी एकच प्रश्न विचारते: तुमची माणसं घरी कशी जातात? क्लायंट चमकून बघतात. काहींना उत्तर माहीत नसतं.

परवा एका इंटिरिअरच्या मासिकाने मोखाड्याचा फोटो मागितला. मी पाठवला. त्यांचा फोन आला: हॉल छान आहे, पण काचेतून मागे जीप दिसतेय, ती काढली तर चालेल का?

मी म्हटलं, "काढा. पण मग फोटोखाली माझं नाव घालू नका. ती जीप दिसते, तेवढंच त्यात माझं डिझाइन आहे."