डावीकडचं मीठ

आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमध्ये किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. घरात बरण्यांची झाकणं कशी साठत जातात, तसे ते साठतात. माझ्याकडे जरा जास्त, कारण माझ्या किचनची खिडकी थेट दळवी काकूंच्या किचनसमोर येते. यात माझा काय दोष? बिल्डरचा आहे.

काकूंचं माहेर ठाण्याच्या नौपाड्याचं. देणं-घेणं, वाढणं, जेवणं सगळं उजव्या हाताने, त्यात तडजोड नाही. एकदा भाजीवाल्याने डाव्या हाताने कोथिंबीर पुढे केली. काकू म्हणाल्या, "त्या हाताने दे." त्या हातात तराजू. बिचाऱ्याने तराजू डाव्या हातात घेतला, कोथिंबीर उजव्याने दिली आणि म्हणतो कसा, "काकू, आता भेंडी डाव्याने तोलणार, चालेल ना?"

काकूंनी भेंडी घेतली नाही.

*

मीही यातून सुटले नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू, माझ्या उजव्या हातात फोन, मुलीचा कॉल चालू. डाव्या हाताने मी काकूंपुढे वाणाचा डबा धरला. काकू दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या. माझं बोलणं पाच मिनिटं चाललं, त्याही पाच मिनिटं तशाच. शेवटी म्हणाल्या, "शोभा, मुलीला सांग, आईचा हात भरून आलाय."

*

अशा घरात काकूंच्या संदीपने बायको आणली, ती डावरी. प्राची, कल्याणच्या खाडीकाठच्या कोळ्यांची लेक. लग्नाच्या पंगतीत तिने नवऱ्याला जिलबीचा घास भरवला तो डाव्या हाताने. काकूंनी मुलाला विचारलं, "तुला माहीत होतं हे?"

संदीपचं तोंड भरलेलं. तसाच म्हणाला, "आई, गोड आहे."

*

प्राची डाव्या हातात कोयता घेऊन बसली की वीस बोंबील दहा मिनिटांत साफ. काकू शेजारी उभ्या राहून बघायच्या. मी खिडकीतून विचारलं, "काय काकू, हा हात चालतो वाटतं?"

"माशांना चालतो," काकू म्हणाल्या. "माणसांत बसल्यावर नाही."

*

माणसांत बसल्यावर प्राची उजव्या हाताने जेवायची. निम्मा घास ताटात परत पडायचा. सगळ्यांचं होऊन हात सुकले तरी हिचं अर्धं ताट तसंच. मग "झालं माझं" म्हणून उठायची.

एका दुपारी काकू झोपलेल्या. मी पाहिलं, प्राची ओट्याशी उभी राहून भात-आमटी जेवत होती. डाव्या हाताने, भराभर, एक शीत न सांडता. तिची नजर माझ्या खिडकीकडे गेली आणि हात थांबला.

मी पडदा ओढून घेतला. इथे राहायला आल्यापासून सात वर्षांत पहिल्यांदा. कोणाला बोललेही नाही, तेही पहिल्यांदाच.

*

गेल्या वर्षी काकू बाथरूममध्ये घसरल्या. उजव्या हाताला प्लास्टर. कोणी भरवलेलं नको, आणि डाव्या हाताने जेवणार नाही म्हणजे नाही. दोन दिवस नुसतं दूध. पेला कुठल्या हाताने धरता, हे विचारायची माझीसुद्धा हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेले. प्राची ताटं वाढत होती, पण उलटी. आपण मीठ, लिंबू, चटणी डावीकडे वाढतो, भाजी उजवीकडे. हिने भाजी डावीकडे घेतली, डाव्या हाताला जवळ पडावी म्हणून. मीठ गेलं उजवीकडे. एक ताट काकूंचं, दुसरंही तसंच, तिचं स्वतःचं. दोन्ही घेऊन ती काकूंच्या खोलीत गेली.

"आई, दार लावते. आपण दोघीच."

"आणि ती उभी आहे ती?"

"शोभामावशी निघाल्यात."

मी निघाले. कान काही लावला नाही दाराला, पण ऐकू आलं. "घास लहान घ्या, आई. अंगठ्याने पुढे ढकला."

अर्ध्या तासाने प्राची बेसिनमध्ये ताटं ठेवताना दिसली. दोन्ही स्वच्छ.

*

प्लास्टर निघालं, हात चालायला लागला. प्राचीचा वाढदिवस आला. काकूंच्या नणंदबाई आल्या होत्या, मलाही बोलावणं होतं. काकूंनी सगळ्यांची ताटं स्वतः वाढली, उजव्या हाताने. मीठ डावीकडे, लिंबू डावीकडे, भाजी उजवीकडे. शेवटचं ताट प्राचीचं. त्यात मीठ उजवीकडे.

नणंदबाईंनी लगेच टोकलं, "वहिनी, हिचं ताट उलटं वाढलंत. हात अजून सावरला नाही वाटतं?"

प्राची ताटाकडे बघत राहिली. तिचा उजवा हात भातापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

काकूंनी तिच्या भातावर कालवण घातलं. "वन्सं, तुम्ही तुमच्या ताटात बघा," म्हणाल्या. मग प्राचीला, "जेव गं. गार होतंय."

त्या दिवशी सगळ्यांत आधी प्राचीचं ताट रिकामं झालं.