छाननीसाहेब आणि सरसकट

अर्जदार समोर आला की आमचे छाननीसाहेब आधी त्याच्या पायांकडे बघायचे. चप्पल नवी दिसली की अर्ज बाजूला. निराधारांच्या पगाराचे, म्हणजे सरकारी मासिक मदतीचे, अर्ज तपासणं हे या अव्वल कारकुनाचं काम होतं आणि ते नाकारणं हा छंद. मी त्यांच्या हाताखालचा कारकून. त्यांच्या शेऱ्यावर मुकाट शिक्का मारायचा, एवढीच माझी बहादुरी.

त्यांचे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूत दप्तर लिहायचे. पोलिस ॲक्शननंतर चाळिशीत मराठी बाळबोध गिरवून ते त्याच कचेरीत टिकले. "आम्ही फुकटचं काय खाल्लं नाय," हे साहेबांचं पालुपद. एकदा भाचीच्या लग्नासाठी डोक्याला मेंदी लावलेला एक म्हातारा आला. साहेब म्हणाले, "केस रंगवायला जमतं, व्हय? मग खायला कसं जमंना?" सगळी कचेरी हसली. मीही हसलो. म्हातारा अर्ज तिथंच ठेवून गेला.

माणसाला असं उलटंपालटं करून बघण्यात ते पटाईत होते. पण एका बाईपुढे त्यांचं काही चाललं नाही. विधवा, कामाला हात चालेनात, एकुलता मुलगा पुण्याकडे गेलेला, त्याचा ठावठिकाणा नाही. कागद सगळे चोख. साहेब म्हणाले, "मुलगा सांभाळत नाय, एवढं पंचांसमोर लिहून द्या. अंगठा करा, झालं."

बाई म्हणाली, "रुसून गेलाय त्यो. टाकून गेला असं चारचौघांत कसं म्हणू?"

"नियम आहे, बाई."

"मंग ऱ्हाऊ द्या तुमचा पगार." तिनं पदर सावरला आणि ती गेली.

साहेबांनी 'अपात्र' लिहिलं. पण त्या दिवशी डबा उघडला नाही. पुढे ही अट सोडावी म्हणून त्यांनी वर दोनदा टिपण पाठवलं, दोन्ही वेळा नियमाचा शेरा लागून परत आलं. दोन वर्षं ती बाई शेजाऱ्यांच्या भाकरीवर जगली. मग तलाठ्यानं बातमी आणली, की मुलगा परत आला, आईला घेऊन वाळूजला खोली करून राहिला. साहेबांनी ती बातमी तलाठ्याला तीनदा सांगायला लावली.

निवृत्तीनंतर ते शहरात राहायला गेले. औरंगपुऱ्यात एका सभागृहात 'प्रत्येक नागरिकाला सरसकट ठरावीक उत्पन्न द्यावं का?' यावर परिसंवाद होता, तिथं मला घेऊन गेले. मंचावर पाण्याच्या बाटल्या, गळ्यात शाली. एका प्राध्यापकांनी गरिबांच्या आळसावर पाऊण तास घालवला आणि शेवटी तोडगा काढला : नीट छाननी करून फक्त गरजूंनाच द्यावं.

साहेब उभे राहिले. "छाननी मी केलीय, सर. आयुष्यभर केली." मग त्या बाईची हकीकत सांगितली आणि विचारलं, "तिनं अंगठा दिला असता, तर पोराला घरी यायला तोंड राहिलं असतं का?"

प्राध्यापक मायेनं हसले. "काका, अपवादांवरून धोरण ठरत नसतं. शिवाय सगळ्यांना द्यायचं म्हणजे मलाही द्यावं लागेल!" सभागृहात टाळ्या.

"घ्या की," साहेब म्हणाले. "तुम्हाला कुणी चप्पल दाखवा म्हणणार नाय."

सूत्रसंचालकानं चहाची घोषणा केली. बाहेर रस्त्यावर साहेब मला म्हणाले, "सगळ्यांना द्या म्हणणारे लई शहाणे आहेत असं नाय. पैसा कुठून आणणार, त्यांनाच ठाऊक. पण त्यांच्या राज्यात आईला पोराविरुद्ध लिहून द्यावं लागणार नाय." आमचं ते शेवटचं बोलणं.

ते गेल्यावर कचेरीत शोकसभा झाली. नवे साहेब म्हणाले, "त्यांच्या कारकिर्दीत एकही अपात्र माणूस यादीत शिरला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला उठून त्या बाईबद्दल बोलायचं होतं. मीही मान डोलावली.