भीमाबाईंना पाळणा पाहिजे

राहात्याच्या भीमाबाईंनी जेवता जेवता सांगून टाकलं, "औंदा पन्नाशी भरती माजी. वाढदिसाला मला पाळणा पायजे." आणि निवांत भाकरी कुस्करत बसल्या.

कालवण वाढणाऱ्या सुनेचा, प्रज्ञाचा हात तिथंच थांबला. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. तिचा नवरा सम्राट ताटात मान घालून बसला. आईपुढं त्याची जीभ कधी चाललीच नव्हती.

सासू तशी वाईट नव्हती, हेच तर अवघड. इतक्या वर्षांत एका शब्दानं टोचलं नव्हतं. टोचायची ती शेजारची लंकाबाई. धुणं वाळत घालताना हटकून विचारायची, पाळणा कधी हलायचा गं? वर आपल्या माहेरची एक पोरगी कशी गरीब गाय आहे, तेही सासूच्या कानावर घालून जायची. आता सासूनंच तोंड उघडलं म्हणजे सवत येणार, असं प्रज्ञा धरूनच चालली. तिला भूक लागेना, झोप येईना. भाजीत मीठ दोनदा पडलं. सासूनं ते मुकाट्यानं खाल्लं, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. माहेरी न्यायच्या साड्या तिनं पेटीतून काढल्या आणि परत ठेवल्या.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी भीमाबाईंनी तिला दारातच गाठलं. "मंग? कुठं लागलाय पाळणा, इचारलं का?"

"लागलाय?"

"गरागरा फिरतो त्यो गं. जल्म ऊसतोडीत गेला माजा. फड सुटून घरी यावं तर जत्रा पांगल्याली. एकडाव बसू दे की मला."

घ्या! सून इकडं जीव मुठीत धरून बसलेली आणि बाईंना हवा होता जत्रेतला आकाशपाळणा.

मग पळापळ. गावची जत्रा केव्हाच उठली होती. सम्राटनं स्टँडवर दहा जणांना विचारलं. कुणी सोनईकडं बोट दाखवलं, कुणी खांदे उडवले. शेवटी फुलांच्या टेम्पोवाला गोरक्ष म्हणाला की शिर्डीत रामनवमीच्या जत्रेतला पाळणा अजून उभा आहे, पण उद्या उतरवणार. प्रज्ञाही धावत होती, पण मनातली धाकधूक जात नव्हती. पाळण्याचा उलगडा झाला होता, त्या गरीब गायीचं काय?

दुसऱ्या दिवशी गोरक्षच्या टेम्पोत लंकाबाई न बोलावता चढली आणि मागं भीमाबाईंना खेटून बसली. शिर्डीत पोचले तर माणसं फळ्या सोडत होती. सम्राटनं हातापाया पडून एक फेरी मिळवली. त्याला उंचावर चक्कर येते, म्हणून सासू-सुनाच बसल्या.

पाळणा वर गेला आणि टोकावर थांबला. बसायची पेटी करकरली. खाली लंकाबाई तोंड वर करून उभी होती. प्रज्ञाला राहवेना.

"आत्याबाई, दुसरी सून आनायची हाय का तुमाला? खरं सांगा."

भीमाबाईंनी डोळे गच्च मिटले होते. दांडी सोडून त्यांनी सुनेचा हात चाचपून धरला. "खुळी का काय तू? मला भ्या वाटतंय. आदी घट्ट धर."

प्रज्ञानं धरलं, आणि सात वर्षांचं रडू तिथंच फुटलं.

खाली उतरल्यावर लंकाबाई हसत म्हणाली, हौस झाली म्हणायची, पण घरातला पाळणा कधी हलायचा?

भीमाबाईंनी सुनेचा हात अजून सोडला नव्हता. "आमी दोघी बसलो, हलला. आता तुज्या त्या गरीब गायीला दुसरा गोठा बघ."

परतताना लंकाबाई पुढं, गोरक्षशेजारी बसली.