अण्णांच्या डोळ्यांची सेटिंग

मावशीचं तोंड फार वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या फोटो स्टुडिओत ती मागच्या खोलीत बसते, कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करते आणि कामाबरोबर तोंडाचा पट्टाही चालू ठेवते. पुढचं काउंटर आणि कॅमेरा मी सांभाळते. स्टुडिओ माझ्या वडिलांचा, म्हणजे आता कागदोपत्री माझा, पण मागच्या खोलीत जायचं तर मीसुद्धा दारावर टकटक करते. ती काही माझी सख्खी मावशी नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला डार्करूमच्या जमान्यात कामावर घेतलं. ब्रशने फोटोवरचे डाग झाकणारी ही पोरगी कॉम्प्युटर आल्यावर पळून जाईल, असं सगळ्यांना वाटलं होतं. पळते कसली! उलट मशीनच्याच मानगुटीवर बसली.

तिच्या कामाची एक रीत आहे. उघडलेल्या प्रत्येक फोटोची एक छोटी तयार प्रत सॉफ्टवेअर बाजूला ठेवतं, पुढच्या वेळी पटकन दाखवता यावी म्हणून. ती कॅश. ती साचत गेली की मशीन रडतखडत चालतं. मावशी दर आठवड्याला ती पुसून टाकते, आणि कुणी बघत असलं तर वर व्याख्यानही देते. कॅश म्हणजे उष्टं-खरकटं, बिनधास्त उडवा, पुन्हा तयार होतं. सेटिंग म्हणजे हाताची चव. उजेड किती, सावली किती, कातडीचा रंग किती, हे सगळं त्या इवल्याशा फाइलमध्ये असतं. तिला हात लावायचा नाही.

आणि ही चव दुसऱ्याला मिळू नये म्हणून बाई भलतीच चिक्कू. तयार फोटो मशीनमधून बाहेर काढला की त्याच्या पोटात ती सेटिंगही लपून जाते. मावशी ती न चुकता वगळते. पलीकडच्या गल्लीतला स्टुडिओवाला आपली नक्कल करील, ही तिची कायमची धास्ती. मी म्हणायचे, अगं, त्याला गिऱ्हाइकाचे डोळे उघडे असताना फोटो काढता येत नाही, तो कसली नक्कल करतोय! पण ऐकेल ती मावशी कसली.

मग अण्णांचे डोळे गेले. म्हणजे पूर्ण नाही. नजरेच्या मधोमध डाग पडला. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं गायब. जन्मभर चेहरे टिपलेल्या माणसाला चेहरेच दिसेनात. डॉक्टरांनीही हात टेकले. त्यातच माझ्या लेकीला मुलगी झाली. अण्णा पणतीच्या, आमच्या चिमीच्या, तोंडावरून नुसता हात फिरवत बसायचे. मला ते बघवायचं नाही, मी काहीतरी निमित्त काढून उठायचे.

मावशी उठली नाही. तिने चिमीचा फोटो मोठ्या पडद्यावर लावला आणि अण्णांना समोर बसवलं. मागचं सगळं काळं केलं, चेहऱ्याच्या कडा गडद केल्या, डोळे-ओठ उजळले, कातडीला चक्क पिवळा रंग दिला. आता दिसतंय? नाही. आता? डावीकडे काहीतरी आहे. अशा दुपारच्या दुपार गेल्या. अण्णा डोकं धरून बसले की ती थांबायची, जरा वेळाने पुन्हा सुरू. शेवटी एकदा अण्णा पडद्याकडे वाकून म्हणाले, "हिच्या भुवया माझ्यावर गेल्यात. आणि हनुवटीखाली सावली घाण आलीय, काढ ती."

मावशीने ती सेटिंग जपून ठेवली. नाव दिलं 'अण्णा'. तुमच्याआमच्या डोळ्यांना त्यातला फोटो भुतासारखा दिसतो. पण तेव्हापासून दर रविवारी चिमीचा नवा फोटो त्या सेटिंगमधून जायचा, अण्णांच्या पलंगाशेजारच्या छोट्या पडद्यावर लागायचा आणि अण्णा त्यात खोट काढायचे. कौतुक करणं त्यांच्या स्वभावातच नाही. मावशीच्या हातच्या एकाही फोटोला त्यांनी आजवर साधं 'बरा' म्हटलेलं नव्हतं.

त्या सेटिंगची एक जादा प्रतही मावशीने लपवून ठेवली होती. कुणी चोरू नये म्हणून त्या फोल्डरला नाव काय दिलं असेल? 'जुनी कॅश'. खरकट्यात कोण हात घालतंय, असा तिचा हिशेब.

आमचे जावई घालतात. माणूस लाख भला, कॉम्प्युटरमधलं त्यांना कळतं, निदान तसं त्यांना वाटतं. चिमीचा तो भुतासारखा फोटो त्यांना फार आवडला होता. ऑफिसात लावायला मागितला, तर मावशीने तोंडावर नाही म्हटलं. पुढे एकदा मावशी बहिणीकडे गेलेली असताना सॉफ्टवेअर उघडेना, आणि एका लग्नाचा अल्बम तर द्यायचा होता. जावई म्हणाले, मी बघतो. आणि बघितलंच त्यांनी. सगळ्या सेटिंग्ज उडवून सॉफ्टवेअर कोरं करकरीत केलं. दिसेल ती कॅश पुसली, 'जुनी कॅश' तर सगळ्यात आधी. कचरापेटीसुद्धा रिकामी केली. सॉफ्टवेअर धडाक्यात सुरू झालं.

मावशी आली, मशीनसमोर बसली आणि मागच्या खोलीतून आवाजच येईना. काय झालं ते कळल्यावर दुसऱ्या कुणाची मी सालटी काढली असती, पण पडले जावई! मी राग गिळून बसले. मावशीही त्यांना एका शब्दाने बोलली नाही.

"कॅश उडवा, कॅश उडवा म्हणून मीच बोंबलत होते," ती म्हणाली. "आणि चांगल्या वस्तूवर खरकट्याचं नाव मीच घातलं."

जुने फोटो अण्णांना दिसत होते, प्रश्न तो नव्हता. पण चिमी कुठे थांबणार होती? तिला दात आले, ती धरून उभी राहायला लागली, आणि अण्णांच्या डोळ्यांपुढची चिमी अजून पाळण्यातच. मावशीने जुना फोटो शेजारी ठेवून नव्याला तसाच रंग आणायचा प्रयत्न केला. तिला दोन्ही सारखे दिसायचे, अण्णांना नाही. त्यांना पुन्हा समोर बसवून एकेक विचारावं, तर आता लगेच भोवळ यायची.

एका रविवारी तिने नवा प्रयत्न पडद्यावर लावला. अण्णा बघून म्हणाले, "छान आलाय."

मी आनंदाने उडीच मारणार होते. मावशीचं तोंड मात्र उतरलं. पुढच्या रविवारी तिने मला न सांगता पडद्यावर स्टुडिओतल्या रिकाम्या खुर्चीचा फोटो लावला आणि विचारलं, कशी दिसतेय चिमी?

"छान," अण्णा म्हणाले. "गोड हसतेय."

मला तिथे उभं राहवेना. मावशीने शांतपणे पडदा बंद केला, अण्णांची उशी सारखी केली, हो, लबाडच आहे पोरगी, असंही म्हणाली. मग बाहेर येऊन जिन्यात बसली आणि ढसाढसा रडली. मला म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा कौतुक केलं गं माझं, आणि तेही खुर्चीवरून."

जावई चिमीला कडेवर घेऊन वरच्या पायरीवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. जरा वेळ चुळबुळ केली, मग चाचरत एक गोष्ट कबूल केली. मावशीने नाही म्हटलेला तो फोटो त्यांनी फार पूर्वीच, ती जेवायला गेली असताना, मशीनमधून काढून नेला होता. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर तो अजून आहे.

मावशीने नाक पुसलं. "काढताना त्यातून सेटिंग वगळलीत का?"

"म्हणजे काय?" जावई म्हणाले.

मावशी उठली आणि माझ्या देखत तिने जावयांच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. "चोर आहात तुम्ही," ती म्हणाली. "जा, पळा, घेऊन या आत्ता."

फोटोच्या पोटात सेटिंग जशीच्या तशी होती. या माणसाला वगळणं ठाऊक नव्हतं, म्हणून ती वाचली. मावशीने तिच्या प्रती केल्या, उघड्या नावाने. एक मला दिली, एक जावयांना. आणि एक घेऊन, माझा तर विश्वासच बसला नाही, ती पलीकडच्या गल्लीतल्या त्या स्टुडिओत स्वतः गेली. आमच्याकडे काही झालं तर तुमच्याकडे असू दे, वापरा हवी तर, असं सांगून आली. आयुष्यभर जपलेली खोड तिने एका दुपारी सोडून दिली. मी तिच्या जागी असते तर माझ्याच्याने झालं नसतं.

त्या रविवारी मी चिमीचा ताजा फोटो काढला होता, स्टुडिओतली तीच खुर्ची धरून उभी असलेली. मावशीने तो सेटिंगमधून काढला, पडद्यावर लावला आणि काहीच न विचारता बाजूला उभी राहिली. अण्णा मान तिरकी करून बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"खुर्ची कशाला घेतलीत मध्ये?" ते म्हणाले. "पोरीचा एक दात खुर्चीआड गेलाय. कुणी काढलाय हा फोटो? अगदीच भिकार."

मावशीने माझा हात घट्ट धरला. पुढच्या वेळी खुर्ची नाही घेणार अण्णा, असं ती म्हणाली, आणि अजून काय काय चुकलंय तेही सांगा, असं वर विचारलं.