लोकलवर ठेवलेला पंप

आमच्या कारखान्याचं पाणी नाते गावाजवळच्या नदीकाठच्या पंपघरातून येतं. मी कारखान्यात इलेक्ट्रिशियन. पंपांचं काम बघायचे ते फिटरमामा, पोलादपूरकडच्या डोंगरवाडीतले. गेल्या वर्षी पंपघरात एक पेटी बसवली. तेव्हापासून पुण्याच्या ऑफिसात बसलेला माणूस बटण दाबून इथला पंप चालू-बंद करायला लागला.

पॅनेलवर लोकल-रिमोट असा एक स्विच होता. तो लोकलवर फिरवला की पुण्याचं बटण चालायचं नाही. आमची सगळी भिस्त त्याच्यावर, कारण मेन स्विच बंद करायची मनाई होती. मेन पाडला की पेटीही बंद पडायची आणि पुण्याहून झापायला फोन यायचा.

त्या सकाळी पंपाच्या शाफ्टपाशी पाणी गळत होतं, म्हणून मामा तिथली गळती अडवणारी दोरी बदलायला बसले.

"लोकलवर हाय ना गो?"

"हाय मामा, मीच फिरवलाय."

त्यांनी हात घातला आणि पंप सुरू झाला. ते ओरडले तशी मी धावत जाऊन मेन पाडला. तोवर उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

महाडच्या दवाखान्याबाहेरूनच मी पुण्याला फोन लावला. "स्विच लोकलवर होता. पंप चालू झालाच कसा?"

तिकडचे साहेब शांतपणे म्हणाले, "तुमचे लोक तो लोकलवर ठेवून विसरतात, मॅडम. म्हणून मागच्या भेटीत आमच्या माणसांनी तो वायरिंगमधून काढलाय. तुम्हाला कळवायचं राहिलं असेल."

राहिलं असेल! वाण्याकडून मीठ आणायचं राहतं तसं. आम्ही फिरवत होतो तो नुसता दांडा होता. मागे काहीच नव्हतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

पंपघरात परतले आणि पेटीच्या वायरी उपटून काढल्या. दुसऱ्या दिवशी मॅनेजर आले. "आधी जोडा, मग बोलू."

"पुण्याच्या साहेबांना बोलवा," मी म्हटलं. "ते शाफ्टला हात लावून बसू देत, मी जोडते."

दुसऱ्या कुणीही वायरींना हात लावला नाही. पंप आम्ही पॅनेलवरून हातानेच चालू-बंद केले. शेवटी पुण्याची माणसं आली, मान खाली घालून स्विच पुन्हा जोडून गेली. आता काम करताना मेन बंद होतो, त्याला कुलूप लागतं आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात असते.

मामा आता गेटवर राखणीला बसतात. "झालं गेलं गो, किती दिवस जळशील?" म्हणतात.

पुण्याच्या त्या साहेबांनी अजून त्यांना एकही फोन केलेला नाही.